बी.एड.चं दुसरं वर्ष आणि फुल मॅरेथॉन एकाच हिवाळ्यात, करावं की सोडावं?

पहाटेची_चढण
वय ३५, दोन मुलं, बारा वर्षांनी परत कॉलेजात. बी.एड.चं दुसरं वर्ष चालू आहे, सप्टेंबरअखेर आंतरवासिता लागतेय, म्हणजे १६ आठवडे शाळेवर जाऊन शिकवायचं. आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची नोंदणी या आठवड्यात भरायची की नाही ते ठरवायचंय, फुल, म्हणजे ४२.१९५ किमी. घरी, कॉलेजात, पळणाऱ्या मंडळींत, जिथे जाते तिथे एकच ऐकते, "एका वेळी एकच धर". मला हे पटत नाही, का ते सांगते.

पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. प्रवेश झाला आणि पळणं बंद, अभ्यासाला वेळ हवा म्हणून. तो वेळ अभ्यासाला मिळालाच नाही. साडेचारला उठणारी मी सहाला उठायला लागले, रात्री टाचण, म्हणजे पाठाची तयारी वहीत लिहिताना डोळ्यावर झापड, आणि सूक्ष्म अध्यापनाच्या सहा मिनिटांच्या पाठात चौथ्या मिनिटाला माझा आवाजच बसायचा. मॅडमनी वहीत लाल पेनाने लिहिलं, "शेवटच्या बाकापर्यंत आवाज जात नाही". दिवाळीनंतर परत साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट चढायला लागले आणि चढता चढता पाठ मोठ्याने म्हणायला लागले, अपूर्णांकांची बेरीज. चढावर दम लागलेला असताना लांब वाक्य बोलताच येत नाही, आपोआप छोटी छोटी वाक्यं होतात, आणि तीच वाक्यं वर्गात उपयोगी पडली. पुढच्या पाठापासून तो लाल शेरा परत आला नाही.

बाई परत शिकायला लागली की पहिल्यांदा तिचं स्वतःचं जे असतं तेच सोडायला सांगतात. स्वयंपाक सोड असं कोणी म्हणत नाही. म्हणून विचारतेय, खरंच जमणार नाही का, आणि नसेल तर नेमकं कुठे अडतं ते सांगा.

खडू_फळा
ताई, मी २२ वर्षं बी.एड. कॉलेजात शिकवलंय, तेव्हा स्पष्ट बोलतो. तुमचा घाटातला पाठ वाचून आनंद झाला, पण आंतरवासिता हे वेगळं प्रकरण आहे. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या नियमात इतर तासिकांना ८० टक्के हजेरी चालते, आंतरवासितेला ९० लागते. १६ आठवडे गुणिले ६ म्हणजे ९६ दिवस, त्यातले ८७ भरायचे, हातात राहिल्या ९ रजा. त्यात मुलांचा ताप आहे, घरातलं लग्नकार्य आहे. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, रेसच्या दिवशी मिळत नाही, आधी मुंबईत जाऊन घ्यावा लागतो, म्हणजे शनिवारची सकाळची शाळा गेली, आणि ४२ किमी पळून सोमवारी सकाळी वर्गात उभं राहणार नाही तुम्ही. दोन रजा एका रेसला. शिवाय डिसेंबरात स्नेहसंमेलन, जानेवारीत २६ तारखेची तयारी, आणि कवायतीला मुलांबरोबर मैदानावर कोणाला उभं करतात तर छात्राध्यापकांनाच. माझं मत, यंदा नको.

पहाटेची_चढण
सर, ९ चा हिशोब मी केलेला नव्हता, तो तुम्ही करून दिलात, खरंच आभार. पण ९ पैकी २ गेल्या तर ७ उरतात. लग्नाला दोन रजा टाकल्या असत्या तर कोणी हिशोब मांडला नसता हेही तेवढंच खरं आहे.

माणदेशी_पाऊल
ताई बिनधास्त भरा. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून पळायची शर्यत) फायनलला गेली आणि दहावी आली. दुष्काळी भागातली मुलगी, सोयी काय होत्या. मनात असलं की होतं सगळं.

बेचाळीस_पूर्ण
ललिताताईंचा अभिमान सगळ्यांनाच आहे पण ही तुलना बरोबर नाही दादा. त्या रेल्वेत खेळाडू म्हणून होत्या, शिबिरात राहायच्या, पळणं हेच त्यांचं काम होतं. इथे ताईंना साडेदहाला सातवीच्या वर्गावर उभं राहायचंय. मी तीन फुल केल्यात, तिन्ही नोकरी सांभाळून, म्हणून हाफ (२१ किमी) आणि फुलमधला फरक सांगतो. हाफची तयारी आठवड्यात कुठेही बसवता येते. फुलचं तसं नाही, नोव्हेंबर-डिसेंबरचे रविवार जातात, २४, २८, ३० किमी, आणि ३० पळून आल्यावर नुसते चार तास जात नाहीत, अख्खा दिवस जातो, दुपारी माणूस जेवून आडवा होतो तो संध्याकाळी उठतो. आणि सोमवारच्या पाठांची टाचणं रविवारीच लिहायची असतात ना? तिथेच अडतं. शेवटी पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पाय संपलेले असतात, तिथे यवतेश्वरची सवय कामाला येईल हे मात्र मान्य. हाफ करा मुंबईची, माहीमवरून सुटते, सी लिंकवरून पळायला मिळतं.

पहाटेची_चढण
हाफ मला सप्टेंबरात आहेच, सातारा हिल, दोनदा केलीये. फुलच्या नोंदणीला लागणारं टायमिंग सर्टिफिकेट त्यातलंच जोडणार आहे. रविवारच्या टाचणांचा मुद्दा मात्र लागला. सध्या मी शनिवारी दुपारी लिहायला बसते कारण सकाळची शाळा सुटली की अकरानंतर मोकळीक असते. आंतरवासितेत तशीच राहील का? खडू_फळा सर, सांगाल?

खडू_फळा
मुख्याध्यापकांवर आहे. काही शाळांत शनिवारी दुपारी छात्राध्यापकांची चर्चा ठेवतात. आधी शाळा कुठली मिळते ते बघा, मग भरा.

रात्रपाळी
मी नर्स आहे आणि मी पळतेही. कोणी झोपेबद्दल बोलत नाहीये. पहाटे साडेचारला उठायचं तर साडेनऊला आडवं व्हायला पाहिजे. दोन मुलं, सासरचं जेवणखाण आणि टाचण वही धरून साडेनऊ होतात का तुमच्या घरी? होत नसतील तर शनिवार-रविवार सोडून बाकी तीन दिवसांतला एक पहाटेचा रन काढून टाका, पण झोप कापू नका. आणि ताई, हिमोग्लोबिन तपासून घ्या नोंदणीआधी. आपल्याकडे कितीतरी बायका ९-१० वर असतात आणि दम लागतो तर वय झालं म्हणतात. वर्गात पाच तास उभं राहणं हेसुद्धा पायांचं काम आहे, ते ट्रेनिंगच्या तक्त्यात कोणी लिहीत नाही.

अर्धवट_वकील
मी ताईंच्या विरोधात आहे आणि मनापासून आहे, कारण मी हे करून बसलोय. नोकरी, एलएलबीचं दुसरं वर्ष आणि फुलची तयारी. डिसेंबरात नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, सहा आठवडे पळणं बंद, म्हणजे रेस गेली, आणि त्या चिडचिडीत अभ्यास पण गेला, दोन विषय राहिले. दोन्हींत अर्धा अर्धा जीव घातला की दोन्हीकडे असं होतं. ताई तुम्ही ३५ च्या आहात, सरकारी भरतीला खुल्या गटात ३८ ची मर्यादा आहे, पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) काढायच्यात. एक वर्ष मागे पडलं तर तुम्हाला ते परत मिळणार नाही. मॅरेथॉन दर जानेवारीला आहे.

पहाटेची_चढण
३८ चं माझ्या डोक्यात रोज असतं दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात गोळा आला. तुमच्या पायाचं वाचून वाईट वाटलं. पण "मॅरेथॉन दर जानेवारीला आहे" हे मी पंचविशीपासून ऐकतेय. आधी लग्न, मग मोठी, मग धाकटा, मग सासूबाईंचं ऑपरेशन. पुढच्या जानेवारीत नोकरी शोधत असेन, त्याच्या पुढच्या जानेवारीत नोकरीत नवीन असेन. मोकळा जानेवारी येणार कधी ते मला कोणी सांगत नाही.

बेचाळीस_पूर्ण
हे मात्र मला खोडता येत नाही.

अर्धवट_वकील
मला येतं. मोकळा जानेवारी कोणालाच येत नाही मान्य, पण आंतरवासितेचा जानेवारी आणि नोकरीचा जानेवारी यात फरक आहे, नोकरीत हक्काची रजा असते.

पहाटेची_चढण
दोन दिवसांनी लिहितेय. हिमोग्लोबिन १०.४ आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, रात्रपाळीताई तुमचे उपकार. शाळा मिळाली, घरापासून दोन किमी, शनिवारी दुपारी चर्चा नाही, विचारून आले. पहाटे पाचऐवजी चारच दिवस पळणार, त्यातला एक घाट. नवऱ्याशी बोलले, रविवारचा स्वयंपाक डिसेंबरअखेरपर्यंत तो बघणार, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण भाकरीचं पीठ कुठे आहे ते त्याला दाखवत होत्या. आणि अर्धवट_वकील दादा, तुमचं एक घेतलंय, नोव्हेंबरअखेर जर हजेरीत चारपेक्षा जास्त रजा गेल्या असतील किंवा नडगी दुखायला लागली तर मी पळणार नाही, नोंदणीचे पैसे गेले तरी चालतील. हे नवऱ्याला लिहून दिलंय. फुल भरली.

अर्धवट_वकील
मत बदललं नाही माझं. नोव्हेंबरअखेर इथे येऊन रजा किती झाल्या ते लिहा, मी विचारणार आहे.