रेस्क्यू केलेला गोल्डन द्यायचा, तर एवढ्या अटी कशाला?

औंधकर_मीनल :
परवा येथे एका सदस्यांनी लिहिले की, रस्त्यावर सापडलेला गोल्डन रिट्रीव्हर दत्तक घ्यायला गेल्यावर त्यांच्याकडे घराची पाहणी, नसबंदीची हमी आणि उपचारखर्चातील वाटा मागितला गेला, आणि शेवटी ‘कुत्रा देताय की मुलगी?’ असा टोलाही त्यांनी लगावला. त्याला मिळालेली भरघोस दाद पाहून राहवले नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे तात्पुरती ठेवलेली मादी कोणा ब्रीडरची असावी, हे तिच्या लोंबलेल्या स्तनांवरून कोणीही सांगितले असते. तिच्या कानांत आणि पंजांच्या बेचक्यांत गोचिडांचा थर होता, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तपासणीत एर्लिकिया, म्हणजे गोचिडांतून होणारा रक्ताचा संसर्ग, निघाला, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरलेल्या होत्या, म्हणून चार आठवड्यांचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स सुरू केला. तो संपायच्या आत सोनोग्राफीत गर्भाशयात पू झालेला दिसला. प्लेटलेट्स कमी असताना पोट उघडणे धोक्याचे आणि थांबणे त्याहून धोक्याचे, अशा कात्रीत सापडलेल्या जिवाचा खर्च कोणी करायचा? नसबंदी न करता ‘चांगल्या घरी’ दिलेली मादी पुन्हा माजावर आली की पिल्ले विकणारा कोणी ना कोणी उपटतोच. 2017 च्या नियमांनी ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली खरी, पण विनानोंदणीचा धंदा राजरोस चालतो. आणि 1960 च्या कायद्यानुसार प्राण्याला वाऱ्यावर सोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे 10 ते 50 रुपये. म्हणून अटी आहेत.

डोंबिवलीचा_बाबा :
ते सदस्य मीच. नसबंदीला माझा विरोध कधीच नव्हता, हे सोयीस्करपणे वगळल्याबद्दल आभारी आहे. मला नकार मिळाला तो घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही म्हणून. तो कुत्रा आजही शेडमध्ये पिंजऱ्यात आहे. माणसांवाचून ज्याला करमत नाही अशा जातीच्या कुत्र्याला आदर्श घराची वाट पाहत सिमेंटच्या फरशीवर ठेवणे हा कोणता प्राणिप्रेमाचा प्रकार, हे ताईंनी सांगावे.

डॉ_सातारा :
जिन्यांचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गोल्डनमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पुष्कळ आढळतो, त्यात वजन वाढलेले असेल तर रोजचे तीन मजले त्याला झेपत नाहीत. मात्र एक्स-रे न काढताच नकार दिला असेल, तर तो चुकीचा आहे, कारण सांधे ठीक असलेला तरुण कुत्रा ते जिने सहज चढतो. जाता जाता एक सांगतो : बहुतेक रेस्क्यूवाल्यांच्या फोटोंत गोल्डनचा चकोट केलेला दिसतो, तो प्रकार कृपया बंद करावा.

विदर्भवासी :
डॉक्टरसाहेब, मे महिन्यात नागपूरला या आणि मग चकोटाबद्दल बोला. पारा 45 अंशांवर गेला की आमच्याकडे माणसे गच्चीवर झोपतात, आणि हा स्कॉटलंडच्या थंडीतला प्राणी अंगावर रजई घेऊन बसलेला असतो. आम्ही दर उन्हाळ्यात आमच्या कुत्र्याचे केस काढतो आणि तो ठणठणीत आहे.

डॉ_सातारा :
त्या ‘रजई’चे दोन थर असतात. आतली मऊ लोकर विंचरून काढली की हवा खेळते, वरचे केस मात्र कातडीला उन्हापासून वाचवतात. मशीन फिरवल्यावर केस पुष्कळदा विरळ आणि वेडेवाकडे उगवतात, कातडीही भाजते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, तेव्हा त्याला सावली, पाणी, ओली फरशी आणि दुपारी बाहेर न नेणे एवढे हवे असते.

विदर्भवासी :
दुपारी वीज जाते तेव्हा ओली फरशी आणि कूलर कोण चालवतो, तेही सांगा. पुस्तकी ज्ञान आमच्यापर्यंत पोहोचते, वीज पोहोचत नाही.

औंधकर_मीनल :
दोघेही घरच्या, न्हाऊमाखू घातलेल्या कुत्र्याबद्दल भांडत आहात. रेस्क्यूमध्ये येणाऱ्याच्या केसांचा नमदा झालेला असतो आणि त्याखाली जखमेत किडे वळवळत असतात. तेथे कंगवा फिरवून दाखवावा, डॉक्टर.

डॉ_सातारा :
जखमेभोवतीचे केस काढावेच लागतात, हे मान्य. ते तुम्ही मला शिकवावे, हा माझा सन्मान समजतो.

डोंबिवलीचा_बाबा :
केशकर्तनाची चर्चा आटोपली असेल, तर मूळ मुद्द्यावर येतो. खर्चातील वाटा द्यायला मी तयार आहे, पण नुसता आकडा नको. बिलांच्या प्रती, रक्ताचे अहवाल आणि खुब्याचा एक्स-रे हातात द्या. आजार दडवून कुत्रा गळ्यात मारल्याचे प्रकार माझ्या मेहुणीच्या बाबतीत घडले आहेत. महिनाभरात त्याला फिट येऊ लागल्या आणि देणाऱ्यांनी फोन उचलणे बंद केले.

औंधकर_मीनल :
ही मागणी रास्त आहे, आणि ती पहिल्या दिवशी शांतपणे केली असती तर एव्हाना कुत्रा तुमच्या घरी असता. फाइल तयार ठेवायला शेडवाल्यांना सांगते. एक्स-रे चांगला आला, तर जिन्यांसाठी शब्द टाकीन. वजन वाढवलेत, तर मात्र परत मागेन.

डोंबिवलीचा_बाबा :
परत मागणार असाल, तर तीही अट आधी लेखी द्या.

विदर्भवासी :
कूलरबद्दल अजून कोणी काही बोललेले नाही.