ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल बदलावे का, आणि केव्हा? : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-३०२ :
सर्वांना नमस्कार. गाडीसंबंधी एक सल्ला हवा आहे. माझी डिझेल गाडी सहा गिअरची ऑटोमॅटिक असून तिला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आहे. ती आता सहा वर्षांची झाली आहे आणि रनिंग ८२,००० किलोमीटरच्या पुढे गेले आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाविषयी विचारले, तेव्हा ‘या मॉडेलला ते बदलावे लागत नाही’ असे उत्तर मिळाले. महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने मात्र मशीन लावून सगळे तेल एका बैठकीत बदलून घ्यावे, नाहीतर गिअरबॉक्स हातचा जाईल, असे बजावले. गाडीत सध्या कोणताही दोष जाणवत नाही. आपल्यापैकी कोणी हे काम करून घेतले असल्यास कृपया अनुभव कळवावा.

अ-१०१ (आप्पा) :
माझे मत विचारशील, तर जे नीट चालले आहे त्याला हात लावू नये. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी लाखभर किलोमीटर झाल्यानंतर गिअरबॉक्सचे तेल बदलून घेतले आणि पुढच्या महिन्याभरातच गाडी चढावर ओढेनाशी झाली. जुन्या तेलावर गिअरबॉक्सची घडी बसलेली असते, नव्या तेलाने ती मोडते, असे अनेक जाणकार मेकॅनिक सांगतात. शिवाय गाडी बनवणाऱ्या कंपनीलाच जर तेल बदलण्याची गरज वाटत नसेल, तर आपण पदरचे पैसे कशासाठी खर्च करावेत?

क-२०४ (ताई) :
आप्पा, तुमच्या परिचयातील गृहस्थांच्या बाबतीत घडले ते खरेच असणार, पण त्यांनी लाखभर किलोमीटर झाल्यावर अचानक तेल का बदलले, हा प्रश्न त्यात राहून जातो. बहुतेक लोक गिअर उशिरा पडू लागला, गाडी मध्येच झटका देऊ लागली किंवा इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढेना, की मगच गॅरेज गाठतात. तोवर आतल्या क्लच प्लेटवरील घर्षणाचा थर झिजलेला असतो, आणि झिजलेला थर तेलाने परत येत नाही. गिअरबॉक्स जायचा तेव्हा जातोच, दोष मात्र आदल्या महिन्यात घातलेल्या तेलाच्या माथी येतो. तुमच्या म्हणण्यात एका बाबतीत तथ्य आहे. वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलात क्लचची बारीक पूड तरंगत असते आणि काही गाळ तळाशी बसलेला असतो. मशीनने दाब देऊन तेल ढकलले, तर तो गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांत अडकण्याचा धोका असतो. म्हणूनच ब-३०२ यांना सुचवलेला मशीनचा मार्ग मला पसंत नाही. तेल बदलू नये, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

कंपनीच्या सांगण्याबद्दल एक माहिती येथे नोंदवते. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्यांपैकी कित्येक गाड्यांच्या देखभाल तक्त्यात हे तेल बदलण्याचा उल्लेखही नसतो. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलावे, अशी शिफारस करते आणि गाडी कष्टाची कामे करत असेल तर त्याहूनही लवकर. गाडी विकणाऱ्याला देखभालीचा खर्च कमी दाखवायचा असतो आणि वॉरंटी संपेपर्यंतची काळजी असते. आपल्याला त्यानंतरही ती गाडी वापरायची असते. सर्व्हिस सेंटरमधील मनुष्य खोटे बोलतो असे मी म्हणत नाही, तो समोरचा तक्ता वाचून दाखवतो. त्याच मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी ‘कठीण परिस्थितीतील वापर’ या मथळ्याखाली बहुधा दुसरा तक्ता असतो. तो उघडून पाहावा. डोंगराळ रस्ते, उन्हाळ्यातील दाट वाहतूक, वारंवार होणारे लहान अंतराचे प्रवास हे सगळे त्यात येते, आणि साताऱ्यात राहणाऱ्या कोणत्या गाडीला यातले काहीच लागू पडत नाही, हे मला तरी सांगता येणार नाही.

ब-३०२ :
ताई, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. परंतु माझे निम्म्याहून अधिक रनिंग पुण्याला जाण्यायेण्याचे, म्हणजे महामार्गावरचे आहे. त्यामुळे माझी गाडी कठीण वापराच्या तक्त्यात बसते का, याविषयी शंका वाटते.

क-२०४ (ताई) :
शंका रास्त आहे, आणि या विषयाचा सगळा गाभा माझ्या मते येथेच आहे. मीटरवरचा आकडा इंजिन ऑइलसाठी बऱ्यापैकी उपयोगी पडतो, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठी तो अपुरा आहे, कारण या तेलाचा शत्रू अंतर नसून उष्णता आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनकडील पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सकडील पाती फिरतात. दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरत नाहीत, आणि जो फरक राहतो त्यातील शक्ती तेलात उष्णतेच्या रूपाने उतरते. गाडीने एकसारखा वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, घसरण थांबते आणि तेल निवांत होते. म्हणून शेंद्रे ते शिरवळ हे अंतर तुमच्या गिअरबॉक्सला फारसे जाणवत नाही. पुण्याला जाताना आपण खंबाटकीच्या बोगद्यातून जातो, तेही सोपेच. येताना घाटरस्त्याने आल्यास मात्र चढ लागतो, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे मालट्रकांच्या मागे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.

त्याहून वाईट म्हणजे फुलांच्या हंगामातील यवतेश्वरचा घाट. कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग, चढाचा रस्ता, गाडीत पाच माणसे, एसी चालू, आणि दर पन्नास फुटांवर थांबून पुन्हा निघणे. त्या वेळी इंजिन जोर लावत असते, चाके जेमतेम फिरत असतात, लॉक-अप लागत नाही आणि पुरेसा वेग नसल्याने समोरून येणारा वाराही थंड करायला पुरत नाही. तेथील दहा किलोमीटर महामार्गावरच्या शेकडो किलोमीटरना भारी पडतात, असे माझे मत आहे. पसरणीच्या घाटातील मे महिन्याची गर्दी, आंबेनळी, पाटणकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली, हे सगळे त्याच हिशेबात धरावे. रासायनिक अंदाज असा की तापमान दर दहा अंशांनी वाढले, की तेलाचे ऑक्सिडीकरण साधारण दुपटीने होते. गाव सपाटीचे असते, तर लाखभर किलोमीटरपर्यंत थांबा असे मी म्हटले असते; येथे माझा कौल ६०,००० ते ८०,००० च्या दरम्यान आहे. तुमची गाडी ती मर्यादा ओलांडून गेली आहे, पण दोष जाणवत नसल्यामुळे उशीर झालेला नाही.

अ-४०३ :
या विषयात माझाही प्रश्न जोडते. आमची गाडी सीव्हीटी आहे. तिलाही हेच लागू होते का? शिवाय बाजारात ‘सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी चालणारे’ स्वस्त तेल मिळते, ते वापरण्यास हरकत आहे का?

क-२०४ (ताई) :
वहिनी, तुमच्या गाडीत तर अधिकच काळजी घ्यावी लागेल. सीव्हीटीत गिअरच्या चकत्यांऐवजी दोन पुली आणि त्यांमधून जाणारा पोलादी पट्टा असतो. तो पट्टा पुलीला धरून ठेवतो, तो तेलाच्या पातळ थरातून. म्हणजे तेलाने झीज टाळायची आणि त्याच वेळी पकडही राखायची, अशी परस्परविरोधी दोन कामे असतात. त्यात साधे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल घातले, तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे उठतात आणि मग दुरुस्ती नव्हे, बदलीच करावी लागते. मॅन्युअलमध्ये तेलाचे जे नाव छापले आहे तेच घालावे. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, ह्युंदाईच्या अनेक टॉर्क कन्व्हर्टरना एसपी-४, टोयोटाला डब्ल्यूएस, ही नावे सजावटीची नाहीत. प्रत्येकात घर्षणाचे प्रमाण वेगळे ठरवलेले असते. हे घर्षण साधणे किती अवघड आहे ते सांगायचे तर, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत असत. देवमाशांना संरक्षण मिळाल्यावर ते थांबले आणि त्या गुणांची रसायने शोधण्यासाठी तेल कंपन्यांना बरीच खटपट करावी लागली. तेव्हा ‘सर्वांना चालणारे’ तेल शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीसाठी घेऊ नये.

ब-१०४ :
आमच्याकडील गाडी एएमटी आहे. आमच्या भागातील मेकॅनिकने तिलाही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल लागते, असे सांगितले.

क-२०४ (ताई) :
त्या मेकॅनिकला मॅन्युअल दाखवा. सन २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झालेली एएमटी ही मूळची साधी हाताच्या गिअरची पेटी आहे. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. तिच्या पेटीत साधे गिअर ऑइल असते आणि यंत्र हायड्रॉलिक असल्यास त्याचे तेल स्वतंत्र असते. ड्युअल क्लच, म्हणजे सम-विषम गिअरना वेगळे असे दोन क्लच असलेल्या, गाड्यांचा प्रकार आणखी निराळा आहे. फोक्सवॅगनने २०१३ साली सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांतील सिंथेटिक तेल काढले आणि खनिज तेल घातले, कारण उष्ण व दमट हवेत त्या सिंथेटिक तेलामुळे आतील विजेच्या भागांत बिघाड होण्याची शक्यता होती. एरवी सिंथेटिक म्हणजे उत्तम, असे आपण धरून चालतो. गिअरबॉक्सच्या तेलात तसे डोळे मिटून मानता येत नाही. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे, हे आधी नक्की करा, तेलाचा विचार नंतर.

अ-१०१ (आप्पा) :
एवढे ऐकून माझा विरोध पातळ झाला आहे, हे मान्य करतो. पण मग मशीन नको, तर काम करायचे तरी कसे? खालचा बोल्ट काढून तेल सोडले, तर सगळे निघत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

क-२०४ (ताई) :
आप्पा, बरोबर आहे. समजा एकूण तेल सात लिटर असेल, तर बोल्ट काढल्यावर साधारण तीन लिटर निघते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहते. एका खेपेस ४३ टक्के तेल नवे झाले. गाडी थोडी चालवून तेच पुन्हा केले, तर ६७ टक्के, आणि तिसऱ्या खेपेनंतर ८१ टक्के. तिसऱ्या खेपेच्या पुढे खर्चाच्या मानाने लाभ उरत नाही. आजवर न बदललेल्या तेलाला मी दोन खेपांचाच सल्ला देईन, मध्ये काही हजार किलोमीटरचे अंतर ठेवून, म्हणजे नव्या तेलातील डिटर्जंट गाळ सावकाश सोडवेल. तळाची पॅन उघडता येणारी असेल, तर फिल्टर आणि गॅस्केट त्याच वेळी बदलावे. काही गिअरबॉक्समध्ये फिल्टर आत असतो आणि पेटी खोलल्याशिवाय निघत नाही. तेथे त्याच्या नादी लागू नये.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. बहुतेक नव्या गाड्यांत तेल मोजण्याची पट्टीच नसते. इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी उभी करून, तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला आले की लेव्हलचा बोल्ट काढायचा, आणि तेल बारीक धारेने येऊन थेंबांवर आले की तो बंद करायचा. अनेक गिअरबॉक्समध्ये हे तापमान चाळीस अंशांच्या आसपास असते. घाटातून आलेल्या गाडीचे तेल ऐंशी-नव्वद अंशांवर असते आणि फुगलेले असते. त्या अवस्थेत लेव्हल पाहिली, तर जास्तीचे तेल वाहून जाते, गार झाल्यावर कमी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. उलट गार तेलावर लेव्हल केली, तर प्रमाणाबाहेर भरले जाते आणि फिरत्या भागांनी घुसळून त्याला फेस येतो. दोन्हींत दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. तेल बदलल्यावर गिअरबॉक्स बिघडल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ येथे असावे, असा माझा कयास आहे. म्हणून स्कॅनर लावून तापमान पाहणारा फिटर गाठावा, आणि गाडी आदल्या रात्री त्याच्याकडे सोडावी.

सचिव :
चर्चा उपयुक्त आहे. केवळ एक सूचना करतो. मागील वेळी कोणीतरी पार्किंगमध्ये इंजिन ऑइल सोडल्याचे डाग अद्याप गेलेले नाहीत. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. त्यामुळे हे काम सोसायटीच्या आवारात न करता गॅरेजमध्येच करून घ्यावे आणि जुने तेल गटारात जाणार नाही याची खात्री करावी.

ब-३०२ :
सर्वांचे आभार. मॅन्युअलच्या शेवटी कठीण वापराचा तक्ता खरोखरच सापडला, आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख त्यात आहे. पहिली खेप गणपतीच्या आधी, म्हणजे कासची गर्दी सुरू होण्यापूर्वी करून घेतो आणि दुसरी दिवाळीनंतर. गॅरेजवाल्याला नेमके काय सांगावे, एवढे मात्र कळवावे.

क-२०४ (ताई) :
दोन गोष्टी सांगा. निघालेले तेल मापाच्या भांड्यात घेऊन तेवढेच नवे आधी भरायचे, आणि नंतर तापमान पाहून लेव्हल करायची. दुसरे, पॅन उघडल्यास तळाच्या चुंबकांवर काय चिकटले आहे ते तुम्हाला दाखवायचे. करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना खुपणारे धातूचे कण किंवा चकचकीत तुकडे दिसले, तर तेथेच थांबा, नवे तेल भरण्यापूर्वी मला फोटो पाठवा. तेलाचा तांबडा रंग तपकिरी झाला आहे एवढ्यावरून घाबरू नका, रंग लवकर बदलतो. जळका वास येतो का, ते पाहा. बिलावर तेलाचे पूर्ण नाव, लिटर आणि मीटरचा आकडा लिहून घ्या.