माळढोकाचं अभयारण्य: आखणीच चुकली होती का?

माळावरचा
१९७९ साली सोलापूर-नगर भागातलं ८,४९६ चौ.कि.मी. माळढोक पक्ष्यासाठी राखीव झालं. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं. जमीन विकायची, विहीर पाडायची, वस्तीवर दोन खोल्या काढायच्या म्हटलं की परवानगीचं झेंगट. पुढे क्षेत्र १,२२२ चौ.कि.मी.वर आणलं, पण तोवर पक्ष्याबद्दल मनात अढी बसली ती बसलीच. आता अभयारण्यातल्या नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. जागा थोडीच घ्यायची होती, पण नीट राखायची होती. शेजारी रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात बघा, जेमतेम दोन चौ.कि.मी.त काळवीट टिकले.

गवत्या
काळवीट आणि माळढोक एका मापाने मोजू नका हो! हा पक्षी मैलोन्‌मैल हिंडतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. छोटं कुरण कुंपण घालून राखलं तरी पलीकडच्या रानात उसाची लागवड आणि विजेच्या तारा असतील तर उपयोग शून्य. एवढा जड पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही. तारेवर आदळतो नि मरतो.

माळावरचा
मग ८,४९६ चौ.कि.मी. असताना ऊस कुणी थांबवला?

गवत्या
कुणीच नाही. हे मान्य. पण दोष रेषेचा नाही, राखणाऱ्यांचा.

मेंढका
आमचे आजोबा या माळावर मेंढरं चारायचे, तेव्हा ढोक होताच की. मेंढरं हटवली आणि वनखात्याच्याच लोकांनी गवताच्या माळावर गिरिपुष्पाची झाडं लावली! झाडं दिसली की जंगल झालं, हा शहरी हिशोब. कागदावर माळ म्हणजे 'पडीक'.

गवत्या
झाडांबद्दल शंभर टक्के सहमत. चराईबद्दल नाही. अंडी घालायच्या दिवसांत कळप आणि त्यामागची कुत्री माळावर नकोतच.

मेंढका
ते दिवस सांगा, आम्ही दुसरीकडे जातो. पावसाळ्यात तसेही जातोच. विचारलं कुणी?

माळावरचा
राजस्थानात जैसलमेरकडे पिंजऱ्यात माळढोकाची पिल्लं वाढवतायत. उद्या त्यातली चार इकडे आणली, तर सोडायची कुठे?

मेंढका
आधी गिरिपुष्प उपटा. मग बोलू.