मदत हवी आहे: ‘सॉकर किड’ कोणत्या कन्सोलवर खेळावा?

क्रिसॅलिस कंपनीचा, १९९३ साली अमिगा या घरगुती संगणकावर आलेला ‘सॉकर किड’ हा व्हिडिओ गेम मला पुन्हा मन लावून खेळायचा आहे. फुटलेल्या फुटबॉल विश्वचषकाचे तुकडे गोळा करत इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंत फिरणारा यातला मुलगा शत्रूला चेंडूनेच टिपतो. चेंडू पायावर झेलून, डोक्यावर तोलून नेमका मारणे हाच या खेळाचा प्राण असल्याने बटणांचा प्रतिसाद मला चित्रांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पुढे हा खेळ सुपर निन्टेंडो, थ्रीडीओ, जॅग्वार, प्लेस्टेशन आणि हातात धरून खेळायचा गेमबॉय अॅडव्हान्स या कन्सोलवरही (खेळयंत्रांवरही) आला. ज्यांनी यांपैकी किमान दोन आवृत्त्या खेळल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे, की चेंडूवरचा ताबा कशात सर्वांत चांगला आहे आणि गेमबॉयच्या लहान पडद्यावर पुढचा शत्रू वेळेत दिसतो का?