असली सेटिंगं विंडोजनं लपवायला नकोत काय?

खडेबाजार_डीटीपी:
नमस्कार मंडळी. आमचं दुकान लग्नपत्रिका आणि बिलबुकचं, वडलांच्या वेळचं. काल जे झालं ते आधी सांगतो, मग प्रश्न विचारतो.

आमच्याकडं एक पोरगं हाय कामाला, बारावी झालेलं, हुशार हाय पण हात गप्प बसत नाहीत. त्याला कुठल्यातरी व्हिडिओत दिसलं की मराठी मजकूर कॉपी करून आणल्यावर प्रश्नचिन्हं येत असतील तर एक टिक मारा, काम झालं. रीजन उघडायचं, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब, त्यात चेंज सिस्टिम लोकेल आणि तिथं खाली एक चौकोन असतोय बीटा, यूटीएफ-८ असं काहीतरी लिहिलेला. मारला टिक, मशीन रिस्टार्ट केलं आणि मला काही बोलला नाही.

दुपारी मी जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका उघडतोय तर "चि. सौ. कां." मधलं निम्मं जागेवर आणि निम्म्याचे चौकोन. फाँट परत टाकले, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबी किल्ली) काढून फुंकर मारून दुसऱ्या पोर्टला लावला, काय उपयोग नाही. येळ्ळूरचं गिऱ्हाईक समोर बसलंय, तीनशे पत्रिका, दोन चहा झाले त्यांचे, तिसऱ्याला नको म्हणाले तेव्हा मला कळलं की आता चिडायलेत. संध्याकाळी पोरगं कबूल झालं तेव्हा टिक काढला, रिस्टार्ट, सगळं परत जाग्यावर. दीड मिनिटाचं काम, दिवस गेला.

तर प्रश्न असा की साध्या माणसाला असल्या गोष्टी दिसाव्याच कशाला? कंपनीनं हे सगळं सरळ लपवून ठेवावं, ज्याला कळतंय त्यानं काहीतरी करून उघडावं. काय म्हणता?

निपाणीकर:
दादा, लपवलेलंच होतं की ते. सेटिंग्ज ॲपमधून गेलात तर टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, तिथून जुनी खिडकी उघडते, मग टॅब, मग बटण, मग तो चौकोन. एवढ्या आत आपणहून कोण जातंय? पोरगं चुकून पडलं नाही तिथं, त्याला व्हिडिओवाल्यानं हाताला धरून नेलं. अजून दोन खोल्या आत ठेवलं असतं तर व्हिडिओ अर्ध्या मिनिटानं लांबला असता, बाकी काय?

उपाय सोपा हाय. पोराला ॲडमिन अकाउंट देऊ नका, स्टँडर्ड द्या. सिस्टिम लोकेल बदलायला ॲडमिनचे हक्क लागतात, पासवर्ड मागेल, तुम्हाला हाक मारेल.

आणि चौकोन का आले ते पण सांगतो, पुढच्या वेळी डोंगलला फुंकर मारायला नको. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर द्यायची एकच पद्धत, यूटीएफ-८ म्हणजे ते नंबर साठवायची रीत. तुमचे जुने फाँट युनिकोडच्या आधीचे, त्यात मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागेवर बसवलेली असतात. १२७ नंबरपर्यंतच्या जागा यूटीएफ-८ मध्ये पण तशाच राहतात, म्हणून तेवढी अक्षरं वाचली. त्याच्या वरची सुटी बाईट यूटीएफ-८ ला कळतच नाहीत, त्यांचे चौकोन झाले. फाँट बिघडलाच नव्हता.

मोकळी_खिडकी:
लिनक्सवर या. तिथं खिडक्या-मेनूचा दर्शनी भाग वेगवेगळा मिळतो, जीनोम आणि केडीई त्यातले दोन. जीनोमवाल्यांनी २०११ ला जीनोम ३ काढलं तेव्हा मिनिमाइजचं बटणच काढून टाकलं, पाहिजे असेल तर वेगळं ट्वीक टूल घालून आणायचं. त्याच्याही आधी २००५ ला खुद्द लिनस टोरवाल्ड्सनं लोकांना सांगितलं होतं की जीनोम सोडा, केडीई वापरा, हे लोक युजरला मूर्ख समजायलेत. केडीईत सगळं समोर असतं.

खडेबाजार_डीटीपी:
@मोकळी_खिडकी माझं डीटीपी तिथं चालतंय काय ते आधी सांगा, मग येतो 🙏

गोवावेस_रिपेर:
मी उलटं सांगतो. तुमच्या पोरानं जे केलं तसली गिऱ्हाइकं माझ्याकडं महिन्याला एखादं येतंय. पण जे कुणी काहीच केलं नाही, कुठं हातच लावला नाही, तसली जास्त येतात. नवीन लॅपटॉप, विंडोज ११, पहिल्या दिवशी दुकानात मायक्रोसॉफ्ट अकाउंट घालून चालू केलेला, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली. मालकाला पत्ताच नाही. मग एक दिवस बायोसचं अपडेट होतंय नाहीतर मदरबोर्ड बदलावा लागतोय आणि निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागत बसते. गिऱ्हाईक मला म्हणतंय पासवर्ड तर मी कधी घातलोच नाही. खरंच घातलेला नसतो. ती किल्ली त्या अकाउंटमध्ये सेव्ह असते, पण अकाउंट कुणाचं, तर दुकानातल्या पोरानं घाईत काढलेलं, मेल आयडी कुणाला आठवत नाही, मोबाइल नंबर बदललेला. गेल्या महिन्यात हिंडलग्याचे एकजण आले, पोरीच्या बारशाचे फोटो सगळे आत. मी काय करू शकलो नाही.

एन्क्रिप्शन वाईट नाही, चोरी झाली तर चांगलंच हाय. पण कुलूप घालताना घरमालकाला सांगायचं नाही, ही कुठली पद्धत? अवघड वाटेल म्हणून सांगितलं नाही म्हणे.

निपाणीकर:
बरोबर. फाइलच्या नावाचं शेपूट पण तसलंच. विंडोज ९५ पासून एक्स्टेंशन लपवायची सवय, साध्या माणसाला डॉट टीएक्सटी दिसून काय करायचं म्हणून. मे २००० मध्ये आय लव्ह यू व्हायरस आला तो त्याच्यावरच फावला. फाइलचं नाव लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस, शेवटचं व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम, ते लपलेलं, लोकांना वाटलं साधी चिठ्ठी हाय, उघडली. अजून पण नवीन मशीनवर ते लपलेलंच येतंय. मी घेतल्या घेतल्या पहिलं तेच चालू करतो.

उद्यमबाग_टर्नर:
मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर हाय, फॅनुक कंपनीचा कंट्रोल. तिथं हा प्रश्न कधीच सुटलाय बघा. पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंगं, लपवत नाहीत, बटण दाबलं की सगळे दिसतात, कालचा आलेला ट्रेनी पण वाचू शकतोय. १८५१ नंबरचा पॅरामीटर म्हणजे बॅकलॅश, स्क्रूतल्या ढिलाईची भरपाई, किती घातलाय ते बघ, काय अडचण नाही. पण बदलायचं असेल तर सेटिंगच्या पानावर जाऊन पॅरामीटर राइट ० चं १ करावं लागतंय आणि १ केला रे केला की स्क्रीनवर १०० नंबरचा अलार्म येतो. म्हणजे मशीनच बोंबलतंय की बाबा, आता कुलूप उघडं हाय. परत ० करून अलार्म घालवल्याशिवाय जॉब पळवायचा नाही. सुपरवायझर लांबून बघून पण ओळखतोय कोण काय करायलाय.

आणि आमच्या फोरमननं एक नियम घातलाय. जुना आकडा वहीत लिहिल्याशिवाय नवीन घालायचा नाही. ती वही ऑइलनं काळी झालीया पण तिच्यामुळं दोनदा मशीन वाचलंय. विंडोजच्या त्या चौकोनाला ना अलार्म, ना वही. टिक मारला, रिस्टार्ट झालं, नंतर बघणाऱ्याला काय बदललं ते कसं कळायचं? तुमचा दिवस त्यात गेला, टिक दिसला म्हणून नाही.

मोकळी_खिडकी:
अँड्रॉइडचं डेव्हलपर ऑप्शन, म्हणजे फोनमधली लपवलेली सेटिंगं, बरं वाटतं मला त्यातल्या त्यात. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, चुकून कुणी सात वेळा मारत नाही. वर मोजून सांगतंय अजून एवढ्या राहिल्या म्हणून.

टिळकवाडीच्या_बाई:
मी निवृत्त शिक्षिका आहे. वरचं सगळं वाचलं. तुम्ही सगळे ज्या साध्या माणसाबद्दल बोलताय ती बहुतेक मीच.

मला तुमच्या अलार्मचं काही कळलं नाही, पण एक विचारते. कुठलं सेटिंग साधं आणि कुठलं अवघड हे ठरवतो कोण? माझ्या कॉम्प्युटरवर मराठी, कानडी आणि इंग्रजी तिन्ही आहेत. पतसंस्थेला पत्र मराठीत, महापालिकेला कानडीत, नातीला इंग्रजीत. आपल्या बेळगावात यात विशेष काही नाही. तर मराठीत लिहिता लिहिता मध्येच कानडी अक्षरं उमटायची. मला वाटायचं कीबोर्ड बिघडला. दोन वर्षं, खरंच दोन वर्षं, मी खोडून परत लिहीत होते. शेवटी नातीनं शोधून काढलं की डावीकडचं आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं गेलं की भाषा बदलते. माझा डावा हात आता थोडा थरथरतो, तो तिथंच टेकतो. ते बंद करायचं सेटिंग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज नावाच्या दाराआड, त्यात आणखी एक जुनी खिडकी.

ज्यांनी ते आत ठेवलं त्यांना एकच भाषा लागत असेल, म्हणून त्यांना ते ॲडव्हान्स्ड वाटलं. मला ते रोजचं आहे, चष्म्यासारखं.

आणि त्या पोराला रागावू नका फार. तो दुरुस्तच करायला गेला होता.

गोवावेस_रिपेर:
बाई, शंभर टक्के. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार दाबत जा, त्यात यादी दिसते, कुठली निवडली ते कळतं. आल्ट शिफ्ट बंद केलं तरी ते चालू राहतंय. आणि अक्षरं बारीक वाटली तर विंडोज आणि यू, सरळ ॲक्सेसिबिलिटी उघडतंय, टेक्स्ट साइझ तिथंच.

टिळकवाडीच्या_बाई:
विंडोज आणि यू लिहून घेतलं. धन्यवाद.

खडेबाजार_डीटीपी:
बाईंचं वाचून काल रात्री पोराशी नीट बोललो. त्याला विचारलं, बीटा म्हणजे काय वाटलं तुला? तर म्हणतोय, नवीन व्हर्जन, म्हणजे चांगलं असणार. अजून चाचणीतलं असतंय ते, हे त्याला ठाऊकच नाही. आता यावर काय बोलायचं. तिथंच दोन ओळी लिहिल्या असत्या की जुन्या सॉफ्टवेअरमधली अक्षरं बिघडतील, तर त्यानं विचारलं असतं मला. आमचं दुकानच जुन्या फाँटवर चालतंय हे त्याला ठाऊक हाय.

स्टँडर्ड अकाउंट केलं त्याला. पण प्रिंटरचा ड्रायव्हर सारखा मान टाकतोय, त्यामुळं दिवसातून चारदा मला उठून पासवर्ड घालायला लागायलाय, तेवढा एक त्रास. उद्यमबागवाल्यांची वही पण सुरू केली, काउंटरखाली दोरीला बांधून ठेवलीया. पहिली नोंद त्याच्याच अक्षरात हाय, तारीख, सेटिंगचं नाव, आधी काय होतं, नंतर काय केलं. स्पेलिंग चुकलंय, राहू दे म्हटलं.

@टिळकवाडीच्या_बाई तुमच्या नातीला विचारून सांगा की आल्ट शिफ्ट बंद करायला त्या जुन्या खिडकीत नॉट असाइन्ड असं दोन ठिकाणी करायचं की एकाच. आमच्याकडं पण कानडी पत्रिका करताना हाच घोळ होतोय आणि इतके दिवस आम्ही मांजराला दोष देत होतो, ते कीबोर्डवर झोपतंय म्हणून.