शहापूरला भेंडीत भेकर आणि डुकरं, काय करायचं?

भातसाकाठ: नोकरी ठाण्यात, शेती शहापूरला आईबाबा बघतात. भात कापला की वाल नि भेंडी लावतो पण तानसा अभयारण्याच्या बाजूने भेकर (छोटं हरीण) येतं कोवळे शेंडे खुडून जातं आणि डुकरं तर रात्रीत वाफाच नांगरून ठेवतात. काका म्हणतात फासकी (जनावर अडकवायचा फास) लाव. बियाणं, औषध, मजुरी सगळं माझ्या पगारातून, हाती काय राहतं ते विचारू नका.

मुरबाडकर: फासकी नको रे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे, आत जाशील. घरच्या लाइनचा करंट तर अजिबात नको, पहाटे आपलाच माणूस चिकटतो. तारेचं कुंपण करून त्याला सोलर झटका मशीन बसव, झटका थांबून थांबून येतो, जीव जात नाही. खालची तार वीतभरच वर ठेव नाहीतर डुक्कर खालून घुसतं, आणि गवत तारेला लागलं की झटक्याचा जोर जातो.

रानवाट: आधी फोटो, मग वनरक्षकाला कळवून पंचनामा. तीन दिवसात अर्ज टाक, सातबारा लागेल. भरपाई मिळते, पण राखणीच्या जागरणाचे कोण देतंय 😀

भातसाकाठ: मशीनला अनुदान आहे का? आईने जुन्या साड्या बांधल्यात, भेकर बुजतं, डुकराला ढिम्म फरक नाही.

मुरबाडकर: वनखात्याची जन-वन विकास योजना आहे, गाव यादीत आहे का रेंज ऑफिसला विचार.