कार्बन-फेनॉलिकने सुरुवात करावी की थेट कार्बन-कार्बन?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं एफआरपीचं (काचतंतू आणि रेझिनच्या प्लास्टिकचं) युनिट आहे. केमिकल कंपन्यांचे डक्ट, टाक्या, पंपांची कव्हरं करतो. हँड ले-अप (हाताने थर लावणं) आणि थोडं व्हॅक्यूम इन्फ्युजन (निर्वाताने रेझिन ओढून घेणं). वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटी बहीण बघतो.

बहीण पॉलिमर केमिस्ट्रीत एमएस्सी आहे. २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन (कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा कार्बनच) नोझलची चाचणी घेतली, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. कोलंबियम मिश्रधातूऐवजी हे वापरलं तर नोझलचं वजन ६७ टक्क्यांनी घटतं आणि पेलोड १५ किलोने वाढतो. तिचं म्हणणं, यातच उतरायचं. मला वाटतं आधी कार्बन-फेनॉलिक (कार्बन कापड आणि फेनॉलिक रेझिन) जमवावं. कार्बन-कार्बनसाठी लागणाऱ्या भट्टीचं कोटेशन आणलंय, पण तेवढ्यासाठी गाळा गहाण टाकावा लागेल. सुरुवात कुठून करावी आणि सरकारी योजना कोणती धरावी? जाणकारांनी सांगावं.

क्युअर_सायकल:
भोसरीकर, भट्टी आत्ता घेऊ नका. माझी नोकरी हैदराबादला अब्लेटिव्ह लायनर (स्वतः जळत-झिजत मागचा भाग वाचवणारे थर) करण्यात गेली, म्हणून स्पष्ट लिहितो.

कार्बन-कार्बनचा एक सरळ रस्ता फेनॉलिकमधूनच जातो. कार्बन कापड, फेनॉलिक रेझिन, क्युअर (उष्णतेने रेझिन घट्ट करणं), मग नायट्रोजनमध्ये अगदी सावकाश ९००-१००० अंशांपर्यंत तापवणं. रेझिनचं निम्म्याच्या आसपास वजन वायू होऊन निघून जातं, उरलेला कार्बन आकसतो, भेगा पडतात. त्या भरायला पुन्हा रेझिन, पुन्हा भट्टी, असं तीन-चार वेळा तरी. मूळ लॅमिनेटमध्ये वाफ कोंडलेली असेल तर पहिल्याच फेरीत पापुद्रे सुटतात. दोष दिसतो भट्टीतून काढल्यावर, पण झालेला असतो प्रेसवर.

म्हणून आधी प्रेस. फेनॉलिक क्युअर होताना पाणी सोडतं. पॉलिएस्टर, व्हिनाइल एस्टरवर हात बसलेल्या कारागिराला हे सुरुवातीला जड जातं. साधारण १०० ते १२० अंशांच्या मध्ये प्रेस क्षणभर उघडून ब्रीदिंग द्यायचं. लवकर दिलं तर रेझिन कडेने वाहून जातं, उशीर झाला तर वाफ आतच राहते. नेमका क्षण घड्याळ बघून सापडत नाही. कडेला आलेल्या रेझिनला काडी लावून, पाकाची तार बघतात तशी तार बघायची. ती ओढताना तुटायला लागली की दाब द्यायचा. तुमच्या बहिणीने हे स्वतःच्या हाताने करावं आणि प्रत्येक वेळी तापमान, वेळ, दाब वहीत लिहावं.

दुसरं, प्रीप्रेगच्या (आधीच रेझिन भरलेल्या कापडाच्या) प्रत्येक रोलमधून चौकोन कापा, वजन करा, ओव्हनमध्ये ठेवा, पुन्हा वजन करा. व्होलाटाइल (तापवल्यावर उडून जाणारा भाग) किती ते कळतं. प्रीप्रेग उघडं राहिलं तर तुमच्याकडची जुलैतली हवा आणि जानेवारीतली हवा या आकड्यात दिसेल.

कूपन (चाचणीचे छोटे तुकडे) तयार झाले की घनता, टीजीए (तापवताना वजन किती घटतं), शॉर्ट बीम शिअर (थर एकमेकांना किती घट्ट धरतात) आणि ऑक्सि-अ‍ॅसिटिलीन ज्वालेची चाचणी करून घ्या. एकाच रेसिपीचे कूपन वेगवेगळ्या महिन्यांत केले आणि आकडे जवळजवळ आले, की मग भट्टीचं बोला. तोवर कार्बनायझेशन बाहेरून करून घ्या.

आणि कार्बन हवेत ५०० अंशांच्या आसपासच जळायला लागतो. इस्रोच्या त्या नोझलवरही सिलिकॉन कार्बाइडचा लेप आहे. लेप हे स्वतंत्र संशोधन आहे, ते आत्ता डोक्यात घेऊ नका.

मृणाल_नाशिक:
दादा, योजनांबद्दल. आयडेक्स (संरक्षण खात्याची नवउद्योग आणि छोट्या उद्योगांसाठीची योजना) २०१८ पासून आहे. नेहमीच्या आव्हानांत दीड कोटीपर्यंत अनुदान, पण तुमचा वाटाही तेवढाच लागतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात. डीआरडीओचा टीडीएफ (तंत्रज्ञान विकास निधी) मोठा आहे, मर्यादा ५० कोटी, खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत. तिथे बौद्धिक संपदा दोघांची राहते, हे बहिणीला आधीच सांगा. तुमच्या आकाराला आयडेक्स जवळचं, तेही तुमच्या कामाशी जुळणारं आव्हान निघालं तर.

आमचा एक हप्ता बराच रखडला, कारण बाहेरच्या लॅबकडून चाचणीची तारीखच मिळेना. कामगारांचे पगार मात्र दर महिन्याला होतेच. टप्पे लिहून देताना लॅबचा वेळ धरूनच तारखा द्या.

ओहायोतला_सातारकर:
इथे अमेरिकेत एसबीआयआर ही संशोधनाला सरकारी पैसा देणारी योजना १९८२ मध्ये सुरू झाली, ५०० पर्यंत कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी. पहिल्या टप्प्यात फक्त शक्यता सिद्ध करायची असते, पूर्ण भाग कोणी मागत नाही. मी अशाच छोट्या कंपनीत आहे. निर्यात कायद्यामुळे कामाचं काही लिहू शकत नाही, पण एवढं सांगतो: आमच्याकडे टिकतात ते प्रस्ताव एकच अरुंद प्रश्न धरून येतात. 'उच्च तापमानाचं कॉम्पोझिट विकसित करू' असं लिहू नका. 'या कापडावर, या रेझिनमध्ये, पोकळी अमुक टक्क्यांखाली आणू' असं लिहा.

आणि परदेशी लॅबला नमुने पाठवायच्या आधी भारताची स्कोमेट यादी (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची) नक्की तपासा. कार्बन-कार्बन त्यात येतं.

भोसरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीने सगळं वाचलं. भट्टीचं कोटेशन तिनेच बाजूला ठेवलं, पण कार्बन-कार्बन सोडणार नाही म्हणाली, आणि तिने सोडू नये असंच मला वाटतं. क्युअर_सायकल, आमच्याकडे डीएमसी (कणकेसारखं कालवलेलं पॉलिएस्टर) मोल्डिंगचा जुना हायड्रॉलिक प्रेस आहे, गरम प्लेटनचा (तापणाऱ्या सपाट प्लेटांचा). त्यावर सुरुवात होईल का?

क्युअर_सायकल:
होईल. आधी प्लेटनच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी थर्मोकपल लावा आणि १६० अंशांवर तासभर बघा. कोपरे आणि मध्य यांत पाचेक अंशांपेक्षा जास्त फरक आला तर आधी हीटर बदला. कापड त्यानंतर मागवा.